पंचमीची ओहोटी

समुद्रकाठच्या गावाला दोन-तीन दिवसांसाठी जायचं असेल तर आधी खोली बघू नये, आधी तिथी बघावी. हे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं. बाबांची सगळी नोकरी मुंबई बंदरात गेली. त्यांच्या उमेदीच्या काळात प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या जुन्या गोद्या चालू होत्या, पहिली १८८० सालची, दुसरी १८८८ सालची. भरतीचं पाणी चढलं की या गोद्यांचे दरवाजे उघडायचे, जहाजं आत-बाहेर व्हायची, आणि पाणी उतरायच्या आत दरवाजे बंद. हजेरीपटावर पाळी सकाळची असो की रात्रपाळी, कामाची खरी घाई कधी होणार ते समुद्र ठरवायचा. पुढे त्या दोन्ही गोद्या बुजवल्या. बाबा निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण आजही सकाळी चहा घेताना ते भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघतात आणि म्हणतात, "आज दुपारी दोनला भरती." आम्ही शिवडीला राहतो. खाडी खिडकीतून दिसत नाही, तरी आमच्या घरात ती रोज सकाळी अशी येऊन जाते.

यंदा जानेवारीत तीन दिवस कुठेतरी जायचं ठरलं. सगळे मिळून: आई-बाबा, आम्ही दोघं, आठवीतली लेक आणि पहिलीतला मुलगा. समुद्र हवा, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. मुंबईकर समुद्र सोडून समुद्राकडेच का जातो असं माझी नागपूरची मैत्रीण विचारते. तिला मी सांगते की मुंबईत समुद्र आहे, पण त्याच्याजवळ बसायला आमच्याकडे सलग दोन तास नसतात. चौपाटीवर गेलो तरी मनात परतीची गाडी असते. समुद्र सावकाश बघायची गोष्ट आहे. भरती यायला सहा तास लागतात, ओहोटी व्हायला सहा तास लागतात, आणि हे पूर्ण बघितलेला मुंबईकर मला कोळीवाड्यांबाहेर क्वचितच भेटला आहे.

आणि शहरात भरती कळते ती पावसाळ्यात, बातमी म्हणून. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्यातल्या एखाद्या दिवशी भरतीच्या वेळेलाच पाऊस धरला की शहरातलं पाणी समुद्रात जाऊ शकत नाही, हिंदमाताला गुडघाभर पाणी साचतं, आणि आम्ही मुलांना शाळेतून लवकर आणायच्या तयारीला लागतो. माझ्या मुलांना भरती हा शब्द धास्तीचा म्हणूनच माहीत आहे. मला त्यांना तिची दुसरी ओळख करून द्यायची होती. या सुट्टीमागचं माझं कारण हेच.

कुठे जायचं यावर चार-पाच रात्री जेवणानंतर बोलणं झालं. लेकीला मालवण हवं होतं. तिच्या वर्गातल्या कुणीतरी तारकर्लीला पाण्याखाली जाऊन मासे बघितले होते. मालवण मलाही प्रिय आहे, पण ते तीन दिवसांत उरकायचं गाव नव्हे. कोकण रेल्वेने कुडाळ गाठायचं म्हणजे जायची एक रात्र, यायची एक रात्र. शिवाय आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि आमच्या हातात तेवढे दिवस उरलेच नव्हते. तत्काळच्या भरवशावर दोन म्हाताऱ्या माणसांना न्यायची माझी तयारी नव्हती. मालवण मे महिन्यावर गेलं. लेकीने ते ऐकून घेतलं, पण कालनिर्णयच्या मे महिन्याच्या पानावर पेन्सिलने 'मालवण' असं लिहून ठेवलं.

आईंच्या मनात हरिहरेश्वर होतं. तिथल्या डोंगराची प्रदक्षिणा त्यांना एकदा करायची आहे. ही प्रदक्षिणा फार देखणी आहे. कातळात खोदलेल्या पायऱ्या उतरून थेट समुद्राला लागायचं आणि लाटांनी जाळी पडलेल्या खडकांच्या कडेकडेने वळसा घालून यायचं. मात्र ती ओहोटीलाच होते. भरतीला तो मार्ग पाण्याखाली जातो, आणि वेळ न बघता गेलेली माणसं तिथून लाटांनी ओढून नेली आहेत. आईंचे गुडघे बघता त्या पायऱ्या, ते निसरडे खडक आणि मागून चढणारं पाणी या तिन्हींचा विचार करून मी नको म्हटलं. त्यांना वाईट वाटलं. मलाही वाटलं. पण माणसांची वयं आणि जागेचा स्वभाव यांचा मेळ बसत नसेल तर देवाची जागाही पुढे ढकलावी, असं माझं मत आहे.

अलिबाग हे नाव बाबांनी काढलं तेव्हा पहिला सूर असाच होता की इतकं जवळ? अलिबाग म्हणजे मुंबईचं अंगणच. तिथे कोण सुट्टीला जातं? ऑफिसातली मंडळी शनिवारी जाऊन रविवारी येतात. मी मात्र लगेच बाबांच्या बाजूची झाले. सहा ते सत्तर अशा वयाची माणसं घेऊन निघालं की अंतर फार महत्त्वाचं असतं. जवळचं गाव म्हणजे प्रवासात न गेलेले तास, आणि ते तास माणसांना मिळतात. लांबच्या गावाला गेल्याचं समाधान मोठं असतं, हे खरं. पण तीन दिवसांतला दीड दिवस गाडीत घालवून मुलं चिडचिडी आणि म्हातारी माणसं अंग धरलेली, अशा अवस्थेत मला कुठल्याही किनाऱ्यावर उभं राहायचं नव्हतं.

मग बाबांनी कालनिर्णय खिळ्यावरून काढून टेबलावर आणलं आणि लेकीला शेजारी बसवलं.

त्यांचं गणित सोपं आहे आणि आमच्या किनाऱ्यावर ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं. जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. पौर्णिमा म्हणजे पंधरा. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती अकरा-बाराच्या सुमारास, दिवसाही आणि रात्रीही. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच मागे सरकते. त्याचंच हे बोटांवर मोजता येईल असं रूप.

लेकीने फोनवर मुंबई बंदराचं भरतीचं वेळापत्रक काढलं आणि ताडून बघितलं. पंधरा-वीस मिनिटांचा, कधी त्याहून थोडा जास्त फरक पडत होता. "आजोबा, तुमचं जवळजवळ बरोबर आहे," ती म्हणाली. बाबा म्हणाले, "जवळजवळच असतं. नेमकं हवं तर बंदराचं कोष्टक बघायचं. पण कोष्टक हातात नसलं तरी अडायला नको." मग त्यांनी तिला अपोलो बंदराचं सांगितलं. तिथे १८७८ पासून समुद्राच्या पाण्याची पातळी मोजली जाते आहे. जगात इतक्या जुन्या, सलग नोंदी फार थोड्या ठिकाणी आहेत. ताजमहाल हॉटेल उभं राहण्याच्या आधीपासून, गेटवे बांधला जाण्याच्याही कितीतरी आधीपासून त्या काठावर कुणी ना कुणी पाण्याची उंची लिहून ठेवत आलं आहे. हे सांगताना बाबांच्या आवाजात जो अभिमान होता तो मी त्यांच्या निरोप समारंभातही ऐकला नव्हता.

अलिबागला तिथी बघायची ती कुलाबा किल्ल्यासाठी. हा किल्ला किनाऱ्यासमोर समुद्रात उभा आहे. भरतीला चहूबाजूंनी पाणी, ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये त्याचं बांधकाम हाती घेतलं, ते पुरं झालं संभाजी महाराजांच्या काळात. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचं हे मुख्य ठाणं झालं. १७२१ साली इंग्रज आणि पोर्तुगीज या दोघांनी मिळून इथे हल्ला केला, तोही फसला. मुंबईहून निघालेल्या इंग्रजांना दारातल्या दारात अडवणारा हा किल्ला. आमच्या मुलांच्या इतिहासाच्या पुस्तकात आरमारावर जेमतेम काही ओळी आहेत. त्या ओळींना पाय फुटावेत एवढीच माझी इच्छा.

आता नुसती ओहोटी पुरत नाही, कुठली ओहोटी तेही बघावं लागतं. अष्टमीला दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी असते, वेळ सोयीची वाटते, पण तो भांगाचा दिवस. भांगाला पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. किल्ल्याच्या वाटेवर गुडघ्याच्या आसपास पाणी राहू शकतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. तेव्हा पाणी दूरवर ओसरतं, पण ओहोटी येते पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास. संध्याकाळी किल्ल्यात जाऊन अंधार पडायच्या आत चढत्या पाण्याच्या पुढे पळत यायचं, हे लहान मुलगा आणि आई बरोबर असताना शक्य नाही. मग मधल्या तिथ्या. चतुर्थीला भरती पहाटे तीनला, म्हणजे ओहोटी सव्वानऊला. पंचमीला भरती पावणेचारला, ओहोटी दहाच्या सुमारास. उधाणाचा जोर अजून पुरता सरलेला नसतो, ऊन कोवळं असतं, आणि नाश्ता करून निघता येतं. बाबांनी बोट ठेवलं ते पौष वद्य पंचमीवर, आणि शनिवार होता.

पण पंचमी शनिवारी म्हणजे शुक्रवारी संकष्टी. आईंचा उपास. सुट्टीचा पहिलाच दिवस, समुद्रकाठचं गाव, आणि आई चंद्रोदयापर्यंत साबुदाण्यावर. "तुम्ही खा ना मासे, माझ्यासाठी कशाला थांबता?" असं त्या म्हणाल्या, आणि त्या असं म्हणतात तेव्हा आमच्या घरात कुणी मासे खात नाही. नवऱ्याने पुढचा आठवडा सुचवला. पुढच्या आठवड्यात तिथी द्वादशीच्या पुढे जात होती, ओहोटी दुपारी तीन-चारला. त्या उन्हात नको. शेवटी आईच म्हणाल्या की शुक्रवारचाच दिवस धरा, मला चंद्र समुद्रावर बघायला मिळेल. तेव्हा लेकीच्या लक्षात आलं की अलिबागला समुद्र पश्चिमेला आहे. चंद्र उगवणार तो पाठीमागून, डोंगरांच्या बाजूने. "मग आपण समुद्राकडे पाठ करून उभं राहू," आई म्हणाल्या. साडेनऊच्या सुमारास चंद्रोदय आहे. वाळूवर उभं राहून, पाठीशी लाटांचा आवाज घेऊन, नारळींच्या वर आलेल्या चंद्राला अर्घ्य द्यायचं. मला तर ते ऐकूनच आवडलं. शुक्रवारी सगळ्यांनीच संकष्टी करायची असं ठरलं, धाकट्यासकट. त्याला उपास म्हणजे बटाट्याची भाजी, वेफर्स आणि राजगिऱ्याचे लाडू एवढंच ठाऊक आहे, आणि वयाच्या सहाव्या वर्षी तेवढं ठाऊक असणं पुरे.

जायचं कसं, यावर बापलेकांचं जुंपलं. नवऱ्याला अटल सेतूवरून गाडी न्यायची होती. सेतू आमच्या शिवडीतूनच सुरू होतो. जानेवारी २०२४ मध्ये तो खुला झाला तेव्हापासून आमच्या घरातला प्रत्येक प्रवास त्याच्यावरून मोजला जातो. २१.८ किलोमीटर, त्यातला मोठा भाग समुद्रावर. पण सेतू उतरवतो चिर्ल्याला. तिथून पुढे पेण आणि वडखळ आहेच, आणि सुट्टीच्या सकाळी वडखळच्या नाक्यावर किती वेळ जाईल हे सेतूच्या हातात नाही. बाबांना भाऊचा धक्का हवा होता. तिथून मांडव्याला रो-रो जाते, मार्च २०२० पासून. खालच्या मजल्यावर गाडी चढवायची, आपण वर जाऊन बसायचं, तासाभरात मांडवा. मांडव्यापासून अलिबाग वीसेक किलोमीटर. गाडीही बरोबर राहते आणि समुद्रही. गेटवेहून सुटणाऱ्या लाँचचा विचार मी केला होता, कारण थंडीत त्या बोटींच्या मागे कुरव पक्ष्यांचे थवे उडत येतात आणि मुलांना ते हातभर अंतरावरून दिसतात. पण आईंना हलत्या धक्क्यावरून लाँचमध्ये पाय टाकायला जमणार नाही. रो-रोवर चालत चढता येतं. निकाल लागला.

आईंच्या मनात बोटीबद्दल जरा धास्ती आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. त्यांचं आजोळ रेवसच्या बाजूचं. १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली आणि वाटेत बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. आईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आजोळी कितीतरी वर्षं आषाढात कुणी बोटीचं नाव काढत नसे. त्यांची आजी दर पावसाळ्यात मुंबईच्या लेकींना निरोप धाडायची, सडकेनेच या. रस्ता तेव्हा धड नव्हता तरी. आई म्हणाल्या, "थंडीत हरकत नाही. थंडीत समुद्र शांत असतो." आपल्या कुटुंबात एखादी गोष्ट का करत नाहीत हे मुलांना सांगायला हवं असं मला वाटतं, म्हणून त्या रात्री रामदासची हकिगत आईंनीच मुलांना सांगितली. धाकटा गप्प झाला. मग त्याने विचारलं, आपल्या बोटीवर सगळ्यांना पुरतील एवढी जॅकेटं असतात का. बाबांनी त्याला हो म्हटलं, आणि चढल्यावर ती कुठे ठेवलेली असतात ते दोघांनी मिळून बघायचं असं कबूल केलं.

राहायची जागा शोधायचं काम माझ्याकडे होतं. अलिबाग शहरात, वरसोलीला, आक्षीला, नागावला घरोघरी खोल्या मिळतात. फोटोंमध्ये सगळ्यांचे तलाव निळे असतात. मी फोटो बघणं सोडून फोन करायला लागले आणि माझे प्रश्न ठरलेले होते: खोली तळमजल्यावर आहे का, संडास कमोडचा आहे का, न्हाणीघरात धरायला काही आहे का, किनारा चालत किती लांब आणि वाटेत पायऱ्या आहेत का, सकाळी सहाला चहा मिळेल का. एका ठिकाणी समोरच्या माणसाने मला मध्येच थांबवून आमच्याकडे डीजे आहे असं सांगितलं. तिथे मी आभार मानून फोन ठेवला. शेवटी आक्षीच्या एका वाडीत दोन खोल्या मिळाल्या. घरच्या काकू फोनवर पहिल्यांदा बोलल्या तेव्हा त्यांनी विचारलं, आजींना पथ्य काय आहे? मी त्याच क्षणी ठरवून टाकलं. उपासाचं करून द्याल का म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे पण संकष्टी असते की."

जागा आक्षीत मिळाली याचा आणखी एक आनंद आहे. आक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा तो मानतात, आणि मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. अक्षरं झिजली आहेत, दगड काही भव्य नाही. तिथे दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागणार नाही. पण हजार वर्षांपूर्वी कुणीतरी याच वाडीच्या आसपास मराठीत काहीतरी लिहून ठेवावंसं मानलं, ती जागा आपल्या मुक्कामापासून चालत जाण्यासारखी आहे, आणि तिथे न जाता यायचं हे मला जमणार नाही.

किल्ल्याचा दिवस आम्ही जरा बारकाईने आखला. ओहोटी दहाच्या सुमारास, तर किनाऱ्यावरून नवाच्या आसपास निघायचं, पाणी ओसरत असताना. आई-बाबा घोडागाडीतून, बाकीचे चालत. ओली वाळू अलिबागला काळसर आणि घट्ट आहे, पाय फार रुतत नाही. आत बघण्यासारखं पुष्कळ आहे. राघोजी आंग्रे यांच्या काळात बांधलेलं गणपतीचं देऊळ आहे, आईंची संकष्टी एका दिवसाने तिथे पुरी होईल. गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंना खारं पाणी असताना. चाकांच्या गाड्यावर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत, त्यांच्यावर १८४९ साल कोरलेलं आहे. तटाचे मोठमोठे दगड चुन्याशिवाय नुसते एकावर एक रचले आहेत. लाट आपटली की पाणी फटींतून शिरतं आणि तिचा जोर तिथेच जिरतो. घट्ट लिंपलेली भिंत समुद्राने कधीच फोडली असती. हे मुलांना हात लावून दाखवायचं आहे.

आणि पाणी फिरलं की निघायचं. दरवर्षी काही मंडळी फोटोंच्या नादात आत राहतात आणि वाट पाण्याखाली जाते. भरती पुढून येते असं आपण धरून चालतो, पण सखल वाळूत ती बाजूने आणि मागूनही भरत येते, हे बाबांनी मुलांना टेबलावर पाणी ओतून दाखवलं. मी टेबल पुसलं. मुलगा अजून रोज एकदा ते करून दाखवतो.

पोहण्याचाही नियम ठरला आहे. पाणी ओसरत असताना कुणीही कमरेच्या पुढे जायचं नाही. ओहोटीचं पाणी आत ओढतं. किनाऱ्यावर शनिवार-रविवारी बुडून माणसं गेल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि पान उलटतो. त्यांपैकी बरीच माणसं आपल्यासारखीच मुंबई-पुण्याहून आलेली असतात आणि त्यांना तिथी ठाऊक नसते. किनाऱ्यावर पाटी असली तर ती वाचावी आणि जीवरक्षक काही सांगत असेल तर वाद न घालता ऐकावं. हे मी इतक्या कळकळीने लिहिते आहे कारण हल्ली प्रत्येक मुक्कामाच्या जाहिरातीत पाण्यातल्या स्कूटरचे फोटो असतात, आणि त्या दिवसाची भरती-ओहोटी कुणी एका ओळीतही सांगत नाही. खोलीच्या किल्लीबरोबर तेवढा एक कागद हातात दिला तर किती घरांवरचं संकट टळेल!

दुपारचं ऊन टाळायला एक जागा नवऱ्याने शोधून काढली आहे, निदान बाहेरून बघायला. अलिबागच्या किनाऱ्याजवळची चुंबकीय वेधशाळा. ती मुळात मुंबईची. आमच्या कुलाब्याला १८२६ पासून वेधशाळा होती, तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. विजेच्या तारांमुळे नोंदी बिघडल्या असत्या. तेव्हा संचालक असलेल्या नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय काम अलिबागला हलवलं, आणि दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी ठेवून आकड्यांची सांगड घालून दिली. त्या इमारतींत लोखंड वापरलेलं नाही, खिळासुद्धा नाही. मुंबईने विजेच्या गोंगाटापायी जे गमावलं असतं, ते खाडीपलीकडच्या या गावाने शंभराहून जास्त वर्षं सांभाळलं. लेक म्हणाली, "मग आपणही त्याचसाठी चाललोय ना?" मला यावर काही बोलावं असं वाटलं नाही, मी फक्त तिच्याकडे बघून हसले.

राहता राहिली पोपटी. जानेवारीत अलिबागकडे जायचं आणि पोपटी न करता यायचं हे रायगडच्या माणसाला पटणार नाही. भाताची कापणी झाली की त्याच शेतांत ओलीवर वाल होतात. थंडीत शेंगा भरतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, केळीच्या पानात गुंडाळलेली मसाला लावलेली कोंबडी, जाडं मीठ, ओवा, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डी दाबून भरायची. पाणी नाही, तेल नाही. मडकं शेतात उलटं ठेवून भोवती पालापाचोळा पेटवायचा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं. चर्र झालं की शिजली. आईंना लहानपणी आजोळी खाल्लेली पोपटी आठवते, त्या वेळची थंडी आठवते, आणि शेकोटीपाशी बसलेल्या मामांची नावं त्या एकेक करून सांगतात. त्या मामांपैकी आता कुणी नाही. रेवसचं घरही नाही. या सगळ्या आखणीत आईंसाठी म्हणून मी जे काही जपून ठेवलं आहे ते शनिवारची ती रात्र.

म्हणून काल काकूंना पुन्हा फोन केला. शनिवारी रात्री पोपटी लावाल का? त्या म्हणाल्या, वाल आमच्याच शेतातले आहेत, मडकं आहे, कोंबडी सांगून ठेवते. तुम्ही किती माणसं? मी सहा म्हटलं. आजींना कोंबडी चालेल? चालेल. मुलांना तिखट कमी करू का? धाकट्याला कमी.

"पण भांबुर्डी मी आणून ठेवणार नाही हं," त्या म्हणाल्या. "ती तुमच्या पोरांनी संध्याकाळी माझ्याबरोबर येऊन बांधावरून तोडायची. वासावरून ओळखायची असते, मी दाखवीन. त्यांना जुने कपडे घेऊन यायला सांगा."

मी फोनवर हात ठेवून दोघांना विचारलं. लेक म्हणाली, येऊ. धाकट्याने विचारलं, तेव्हा भरती असेल की ओहोटी? आणि बाबा दुसऱ्या खोलीतून म्हणाले, "पंचमी आहे. चारला भरती, तू हिशोब कर."

तो जमिनीवर बसून बोटांवर मोजायला लागला, आणि मी काकूंना सांगितलं की जुने कपडे आणतो.